डाळिंबाच्या पायात वाळा

माझ्या धाकट्या बहिणीचं डाळिंब आमच्या घरामागे होतं. संत तुकाराम नगरमधलं तळमजल्याचं घर. स्वयंपाकघराची खिडकी आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे. ते मुद्दाम कुणीच लावलं नव्हतं. शाळेत असताना धाकटी खिडकीत बसून डाळिंब खायची आणि दाण्यांचा रस चोखून बिया बाहेर थुंकायची. मी रागवायचे. मग एका पावसाळ्यानंतर तिथे रोप दिसलं आणि तिच्या हाती आयुष्यभर पुरेल असं कोलीत मिळालं.

"ताई, तू वेळापत्रक लावून मेथी पेरलीस, ती उगवली नाही. मी नुसती थुंकले!"

वेळापत्रकं आणि याद्या हा माझा प्रांत. वडील तेव्हा होते; कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलायची. कुणाचा डबा कधी, पाणी कधी भरायचं, किराण्यात काय संपलंय, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं होतं. मी ठेवलं. धाकटी मला मॅनेजरबाई म्हणायची. ही सवय पुढे मला नोकरीत उपयोगी पडली.

झाड मोठं झालं, फळं धरायला लागली. फिकट, लहान आणि इतकी आंबट की पाहुण्यांनी एक दाणा तोंडात टाकला की डोळे घट्ट मिटायचे. आई साली वाळवून खोकल्यासाठी ठेवायची. बाकीची पोपट खायचे. "असं झाड जगात एकच आहे," धाकटी ऐटीत सांगायची. पुढे मी रोपांच्या कामाला लागल्यावर मला कळलं की ती अगदी खरं बोलत होती. डाळिंबाच्या बिया जशाच्या तशा उतरत नाहीत, प्रत्येक बी वेगळं झाड देते. आमचं ते आंबट डाळिंब दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत मिळणार नव्हतं.

माझं काम तळेगाव दाभाडेच्या बाहेर एका टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये. झाडाचा डोळा असलेला छोटा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत जेलीसारख्या अन्नावर ठेवायचा, मग त्यातून कोंब येतात, कोंबाचे पुन्हा तुकडे, आणि एका झाडाची हुबेहूब तशी असंख्य रोपं. त्या अन्नाला आम्ही मीडिया म्हणतो. तो बनवायची खोली माझ्याकडे आहे. मीडियात साखर असते, त्यामुळे एखादा जंतू आत शिरला तर रोपाआधी तोच पोसतो. म्हणून आमच्याकडे सगळं उकळलेलं, वाफवलेलं, झाकलेलं. बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही, या एका वाक्यात आमचा सगळा धंदा येतो.

धाकटीला रक्ताचा आजार निघाला तेव्हा मला हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं लागलं. उपचारांनी तिची प्रतिकारशक्ती जवळजवळ संपली होती. तिला काचेच्या दाराच्या वेगळ्या खोलीत ठेवलं आणि आत एकाच माणसाला परवानगी मिळाली. मी ठरले. टोपी, मास्क, गाऊन, कोपरापर्यंत हात धुणं हे माझं रोजचंच. नर्स मला गाऊनच्या नाड्या कशा बांधायच्या ते दाखवायला लागली आणि मध्येच थांबली.

"तुम्ही पण हॉस्पिटल लाइनमध्ये का?"

"ती झाडांमध्ये आहे," धाकटी पलंगावरून म्हणाली. "मलापण बाटलीत घातलंय आता. मॅनेजरबाई, लेबल लावा की. तारीख टाका."

आई काचेबाहेर स्टुलावर बसायची. धाकटी तिला आतून हात करायची, वेडावून दाखवायची. एकदा मी बाहेर येत असताना दार उघडं राहिलं आणि आई पटकन माझ्या बाजूने आत आली. हात पुढे केलेला. मी म्हणाले, "आई, हात लावू नकोस." तिने हात पदरात ओढून घेतला आणि मागे सरकली. मी म्हणाले ते बरोबरच होतं; डॉक्टरही तेच सांगत होते. आज वेळ आली तरी मी तेच म्हणेन. पण आईचा हात तिला लागला तो सगळं संपल्यावर, नर्सने काचेचं दार उघडं टाकून आम्हाला आत बोलावलं तेव्हा.

ती गेल्याला वर्ष झालं, तेव्हा पुण्यानुमोदनाला आईने फोटोपुढे त्याच झाडाची लाल फुलं ठेवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक फांदी पिवळी पडली. मग शेजारची. डाळिंबाला हा रोग होतो, मर म्हणतात. मुळं आतून सडत जातात आणि झाड फांदी-फांदीने वाळतं. मी ओळखलं. आईला लगेच सांगितलं नाही. तिने मात्र रोज सकाळी खिडकीतून बघून हिरव्या फांद्या बोटावर मोजायला सुरुवात केली होती.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. औषध ओतलं, मुळांची माती बदलली. फांद्या कापून छाट कलमं लावली, ती कुजली. झाडावरच फांदीला ओल्या मातीची गुटी बांधली, तिला मुळं फुटली नाहीत. फुलं आली ती सगळी गळली, त्या वर्षी एकही फळ धरलं नाही.

"एखादं बी गावंल का कुठं?" आईने विचारलं. तिचं माहेर मावळातलं, बोलणं अजून तिकडचं. "लावून बघू की."

"बी लावलं तर हे झाड येणार नाही आई. या झाडाची लेक येईल."

"मग लेक चालंल की मला."

पण बीच नव्हतं. उरली होती एक हिरवी फांदी. मी लॅबच्या सरांना विचारलं. आम्ही जरबेरा आणि केळी करतो, पण सर म्हणाले, करून बघा, डाळिंब आपल्याला शिकायचंच आहे.

मी कोवळे शेंडे कापून ओल्या कापडात गुंडाळून नेले. लॅमिनारवर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या टेबलावर, माझी मैत्रीण बसते. चाकणजवळच्या गावातली, आणि तिच्याइतका स्थिर हात आमच्याकडे दुसरा नाही. मी तिला म्हणाले, हे तू काप, माझ्याने होणार नाही. तिने शेंडे माझ्या हातून घेतले. नेहमीप्रमाणे साबण, मग बुरशीनाशक, मग जालीम द्रावण, मग निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं. डोळे बाटल्यांत बसले.

आठवड्याच्या आत बहुतेक बाटल्यांत खोडाच्या बुडाशी दुधाळ कडं दिसायला लागलं. हा बाहेरून आलेला जंतू नव्हता. तो खोडाच्या आतच राहत होता. वरून कितीही धुतलं तरी तिथे औषध पोहोचत नाही. मैत्रीण बाटली उजेडात धरून म्हणाली, "तुझ्या बहिणीसारखंच हाय बघ हे. वरून गुणाचं, आन आतून कुणाचं ऐकत न्हाई." मला त्या दिवशी फार दिवसांनी हसू आलं.

प्रतिजैविकं घालून पाहिली. थोडे दिवस कडं गायब, मग पुन्हा हजर. तेव्हा सरांनी चांदीचं नाव काढलं. चांदीचे अतिसूक्ष्म कण, डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात मिसळलेले. दिसायला ते पाणी फिक्या चहासारखं. मीडिया गार होत आला की त्यात मोजून घालायचं. जंतूला ते कण मारतात किंवा निदान दाबून ठेवतात. अडचण मात्रेची. कमी पडलं तर कडं येतं, जास्त झालं तर कोंबच काळा पडतो. मी तक्ता आखला. कडेला कमी, मग थोडी जास्त, मग अजून थोडी. रोज सकाळी कामाला आल्यावर आधी ग्रोथ रूममध्ये जाऊन बाटल्या बघायच्या, मग डबा ठेवायचा. घरामागची शेवटची फांदी तोवर वाळली होती. जे काही उरलं होतं ते आता फळीवरच्या बाटल्यांत होतं.

मधल्या एका मात्रेवर जमलं. कडं नाही, काळेपणा नाही, डोळ्यातून तांबूस टोकाची दोन इवली पानं. मैत्रिणीने मला दंडाला धरून ओढत नेलं. "आली गं! आली तुझी!"

घरी जाऊन मी आईला सांगितलं की चांदी लागू पडली. आई डाळ निवडत होती. ती थांबली.

"चांदी? म्हंजी आपली चांदी?"

"तीच. पण तिचे फार बारीक कण."

ती उठून आत गेली आणि कपाटातून कुंकवाच्या डबीएवढी डबी घेऊन आली. त्यात धाकटीचे बाळपणीचे वाळे. मधे उघडे, टोकाला मणी असलेले, काळे पडलेले. "हे घे. हे घाल त्यात. तिचीच हाय चांदी."

"अगं आई, असं नसतं ते. वाळे घालून काय होणार?"

"का? तू ल्हान असताना चांदीच्या वाटीतनं पाणी पाजायचे तुला. कशापायी? दागिना म्हनून? किडा मरतो त्यानं."

"बरोबर आहे तुझं. पण आम्ही घालतो ती चांदी वेगळी असते."

"चांदीत काय वेगळं," ती म्हणाली आणि डबी माझ्यासमोर ठेवून पुन्हा डाळीला बसली. मी ती डबी कपाटात परत ठेवली.

त्यानंतर माझ्याकडून रोज बातमी घ्यायची तिची रीत पडली. मी घरात पाऊल टाकलं की, "कशी हाय?" मी सांगायचे. चार पानं आली. नवा कोंब फुटला. आता त्याचे तुकडे करून वाढवले. आई शेजारच्या बायकांना सांगायची, "माझी धाकटी तळेगावला हाय सध्या, बाटलीत." बायका माझ्याकडे बघायच्या.

आणि मग मुळं येईनात. कोंब छान, हिरवे, पण बूड कोरडं. त्या चांदीत जंतू दबत होता तसं मूळही फुटत नव्हतं. मुळांशिवाय रोप कधी बाहेर येऊ शकत नाही. सर म्हणाले, चांदी काढावी लागेल. मलाही दुसरं सुचत नव्हतं. आम्ही सगळे कोंब बिनचांदीच्या मीडियावर हलवले आणि वाट बघत बसलो. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीने एकेक बाटली उजेडात धरली आणि बाजूच्या क्रेटमध्ये ठेवत गेली. त्या क्रेटमधलं सगळं वाफवून टाकायचं असतं. चांदीने जंतू मेला नव्हता, नुसता गप्प बसला होता. मुळात ज्या बाटल्यांतून ते तुकडे घेतले होते, त्या आधीच रिकाम्या झालेल्या.

एक बाटली राहिली. तिचा मीडिया स्वच्छ होता आणि बुडाला पांढरी, केसासारखी मुळं.

त्याच आठवड्यात सोसायटीने ड्रेनेजची नवी लाइन टाकायला घेतली आणि घरामागचं वाळलेलं खोड कापलं. मी कामावर होते. घरी आले तर आई स्वयंपाकघराच्या खिडकीची दोन्ही दारं लावून बसली होती. जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. तळेगावपर्यंत येण्याइतके तिचे गुडघे धड नव्हते. तेव्हा मी सरांची परवानगी घेतली आणि शनिवारी ती बाटली कापडात गुंडाळून, पर्समध्ये उभी धरून घरी आणली. पुढच्या आठवड्यात रोप बाहेर काढून त्याला मातीची सवय लावायची होतीच. दोन रात्री आईजवळ राहील, सोमवारी परत नेईन, असं ठरवलं होतं.

आईने चष्मा लावला. बाटली टेबलावर ठेवून तिच्यासमोर हनुवटी टेकून बसली. बराच वेळ बघत राहिली.

"एवढीशी झाली गं," ती म्हणाली.

मग ती जेवली. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं, नेहमीसारखं क्रमाने. की आता हिला चांदी नाही. की चांदी काढल्यावर बाकीच्या सगळ्या गेल्या. की ही एकटी टिकली आहे.

"मंग हिला आता राखायला काय हाय?"

"झाकण," मी म्हणाले. "झाकण उघडायचं नाही. हात लावायचा नाही."

आईने मान हलवली.

रविवारी मी भाजी आणायला गेले. यादी लांब होती, वाटेत पिठाची गिरणीही होती. परत आले तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. बाटली उन्हात होती, झाकण शेजारी उलटं ठेवलेलं. गॅसवर पातेल्यात पाणी अजून वाफाळत होतं. आई मला बघून दचकली नाही. उलट तिला काहीतरी नीट जमल्याचं समाधान होतं.

"उकळून घातलाय," ती आधीच म्हणाली. "वीस पंचवीस उकळ्या दिल्या. चिंचेनं घासला त्याच्याआधी. चिमट्यानंच सोडला. तू करतीस तसंच सगळं केलं मी."

बाटलीत, त्या रोपाच्या बुडाभोवती, धाकटीचा वाळा होता. चिंचेने घासून पांढराशुभ्र केलेला. पायात घालावा तसा तिने तो नेमका रोपाभोवती उतरवला होता. मीडियात तो अर्धा रुतला होता आणि एक पान त्याच्याखाली दबलं होतं.

"हिला कायतरी पायजे ना गं राखायला," आई म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली. तिने तर माझंच सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं मी घरात येऊन जे जे बोलले, उकळणं, वाफवणं, चिमटा, चांदी, ते सगळं तिने लक्षात ठेवून माझ्यापेक्षा काळजीने केलं होतं. फक्त झाकण उघडलं होतं.

बाटलीत वाढलेल्या रोपाच्या पानांना उघड्या हवेची सवय नसते. पाणी धरून ठेवणारं मेणाचं आवरणच त्यांच्यावर नीट आलेलं नसतं. उन्हात तर काही मिनिटंही पुष्कळ होतात. वरची पानं मलूल झाली होती. पण मुळं होती, म्हणून मी लगेच हात चालवले. रोप बाहेर काढून मुळांची जेली कोमट पाण्यात धुतली. साखर राहिली तर बुरशी धरते. कोकोपीट घरात होतं. चहाच्या कपात ते भरून रोप लावलं, पाणी फवारलं आणि वर उलटा पेला घातला. कप उन्हापासून दूर, फ्रिजच्या बाजूला ठेवला. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "बरोबर केलंस. झाकून ठेव. काढू नको वरचं. वाचली तर आशीच वाचंल."

आईने पेल्याकडे बघितलं.

"परत झाकलंस व्हय?"

"झाकावंच लागतं आई."

"माझ्यानं झालं का हे?"

"नाही गं. उन्हाने झालं."

तिने वाळा धुऊन पुसला आणि मुठीत धरून बसली. नंतरचे दिवस ती त्या कपासमोर स्टूल घेऊन बसायची. पेल्याच्या आतून थेंब ओघळायचे, रोप नीट दिसायचं नाही, मग ती मान वाकडी करून बघायची. पेल्याला तिने बोटही लावलं नाही. हॉस्पिटलमध्ये काचेबाहेर ती अशीच बसायची. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की आता मी विचारायचे आणि ती सांगायची. "कशी आहे?" "हाय." नंतर, "हाय, पर झोपल्यासारखी दिसती."

एका संध्याकाळी मी पेल्यातून टॉर्च मारून बघितलं. खोड बुडापासून तपकिरी होत वर चढलं होतं. खालची पानं गेली होती. शेंड्याला एक पान अजून हिरवं, अंगठ्याच्या नखाहून लहान. मी असली रोपं खूप पाहिली आहेत. कुठली वाचतात ते मला कळतं. हे वाचणार नव्हतं. झाकून ठेवलं तर एखादा दिवस जास्त मिळाला असता, तेवढाच.

मैत्रिणीला फोन लावावा असं मनात आलं, पण लावला नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. आई स्टुलावर बसली होती, हात पदरात.

मी पेला उचलून बाजूला ठेवला. कप दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर नेला.

तिने माझ्याकडे बघितलं. "झाकण?"

"राहू दे," मी म्हणाले. "आई, हात लाव."

तिला खरं वाटेना. मग तिने पदर सोडला, बोट साडीला पुसलं, आणि त्या एका पानाला खालून आधार दिला, ते हिरवं होतं तोवर.